मालमोटारीसाठी टायरांची निवड

मालमोटार बाळगणारा व्यापारी इंजिनाची काळजी घेतो, हौद्याची डागडुजी करतो, दसऱ्याला गाडीला हारही घालतो; परंतु टायरांची निवड मात्र पुष्कळदा दुकानदाराच्या शब्दावर सोडून देतो. वस्तुतः टायर ही वाहतुकीच्या मोठ्या खर्चाची बाब आहे. शिवाय भरल्या गाडीत बसलेल्या चालकाचा व क्लीनरचा जीव त्यांच्यावरच अवलंबून असतो. म्हणून सभासद बंधूंसाठी या विषयाचा थोडा विचार येथे मांडीत आहे.

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. गूळ भरण्यास बेळगावहून निघालेली गाडी निपाणीपर्यंत सत्तरहून अधिक किलोमीटर डांबरी महामार्गाने धावते आणि अखेरची दोनेक किलोमीटर गुऱ्हाळाच्या गाडीवाटेने जाते. त्या वाटेवर उसाच्या पाटाचे पाणी आलेले असते आणि काळी माती चाकांना धरते. गाडी एकदा रुतली की मालक संतापून चारही बाजूंना खोल नक्षीचे, मोठ्या खाचांचे टायर बसवून घेतो. येथेच हिशेब चुकतो. अशा टायरांचे सुटे ठोकळे डांबरावर अधिक वळवळतात, तापतात, असमान झिजतात व डिझेलही अधिक खातात. दोन किलोमीटरच्या सोयीसाठी सत्तर किलोमीटरचे नुकसान पदरी येते.

यास्तव निवड मोठ्या वाटेसाठी करावी आणि लहान वाटेपुरती सवलत ठेवावी. पुढील चाकांना परिघाभोवती सरळ पट्ट्या असलेला, म्हणजे रिब नक्षीचा टायर योग्य. त्याने सुकाणू हलके व नेमके राहते. इंजिनाचा जोर मागील चाकांना मिळतो; तेथे मधे पट्ट्या व कडेला खाचा असलेला सेमी-लग टायर बसवावा. पूर्ण लग टायर खाणी व बांधकामावरील गाड्यांसाठीच बरा.

दुसरा प्रश्न रेडियल की साधा नायलॉन, हा. रेडियल टायर कमी तापतो, डिझेल वाचवतो व महामार्गावर दीर्घकाळ टिकतो; मात्र त्याची बाजूची भिंत लवचिक असल्याने अणकुचीदार दगडाने कापली जाण्याचे भय अधिक. नायलॉनची भिंत ताठ असते, पण लांबच्या वेगवान प्रवासात तो अधिक तापतो. आपल्या उदाहरणातील गाडीस रेडियलच सोयीचा. एकाच आसावर दोन्ही जाती मात्र कदापि मिसळू नयेत.

टायरच्या भिंतीवरील आकडे वाचण्याची सवय असावी. १०.०० आर २० या मापाच्या टायरवर १४६/१४३ के असे लिहिले असेल, तर तो एकेरी चाकावर ३,००० व जोडचाकांत प्रत्येकी २,७२५ किलो भार पेलतो. ‘के’ म्हणजे ताशी ११० किलोमीटरची वेगमर्यादा. जोडीत एक टायर झिजलेला व दुसरा नवा असला, तर मोठ्या व्यासाच्या टायरवरच अधिक बोजा पडतो. म्हणून जोडी समान असावी. २३२४ असा चार अंकी शिक्का सन २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातील उत्पादन दर्शवितो. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी. कमी हवेने भिंत वारंवार दुमडते, उष्णता साठते व टायर फुटतो. चिखलात पकड यावी म्हणून भरल्या गाडीची हवा सोडणे धोक्याचे आहे. त्यापेक्षा पाऊस झाला असेल तर वाट सुकेपर्यंत थांबावे, अथवा गूळ ट्रॅक्टरने सडकेपर्यंत आणवावा. गाडीवाटेवरून डांबरावर येताच जोडचाकांमध्ये अडकलेला दगड काढण्यास चालकास सांगावे. तो दगड दोन्ही टायर कापू शकतो.

शेवटी एक विनंती. नक्षीच्या खाचेतील झीजदर्शक उंचवट्याशी नक्षी समपातळीत आली, की टायर बदलावा. ‘मालक, टायर गेला,’ असे चालक सांगतो, तेव्हा ‘आणखी एक फेरी कर’ असे उत्तर देऊ नये. त्या फेरीत वाचलेले पैसे वहीत दिसतात. पण घाटाच्या उतारावर जो धोका असतो, तो आपण नव्हे, चालक पत्करीत असतो.