गोळीचे आवरण आणि नळीचे आयुष्य

रायफलीच्या नळीचे आतील अंग गुळगुळीत नसते. त्यात मळसूत्राप्रमाणे वळत जाणाऱ्या उथळ खाचा कोरलेल्या असतात. दारू पेटली की गोळी या खाचांत घट्ट दाबली जाते, स्वतःभोवती फिरू लागते आणि त्या फिरण्यामुळेच हवेत आपली दिशा टिकवून धरते. म्हणजे गोळी खाचांत रुतण्याइतकी मऊ असली पाहिजे, परंतु आपल्या अंगाचा अंश मागे ठेवून जाण्याइतकी मऊ असता कामा नये. या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याचा प्रयत्न म्हणजेच गोळीच्या आवरणाचा इतिहास होय.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गोळी शिशाची असे. शिसे जड असते, सहज ओतता येते आणि ३२७ अंश सेल्सियसला वितळते. मात्र ते पोलादाला घासून चिकटते, आणि काळ्या दारूची काजळी त्यात भर घालते. चार-दोन बार झाले की खाचा भरू लागत. यावर उपाय म्हणून गोळीला कागद गुंडाळीत आणि त्या कागदाला चरबी लावीत. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीचे काडतूस असेच होते. त्याचे टोक दातांनी तोडावे लागे. त्यावरील चरबी गाईची व डुकराची असल्याची वार्ता जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील दमदमच्या छावणीतून पसरली आणि शिपायांच्या मनात आधीच साचलेल्या असंतोषाला तिने वाट करून दिली. नळी स्वच्छ ठेवण्याचा एक साधा तांत्रिक उपाय इतिहासाच्या एवढ्या मोठ्या घटनेशी जोडला जावा, असे क्वचितच घडले असेल.

१८८४ मध्ये फ्रान्समधील पॉल व्हिएय यांनी निर्धूम दारू सिद्ध केली, आणि १८८६ च्या लेबेल रायफलीत ती वापरात आली. काळ्या दारूच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने जात असे. आता तो वेग ६०० मीटरच्या पुढे गेला. एवढ्या दाबाखाली उघडे शिसे खाचांची पकड सोडून सरळच फरफटत जाऊ लागले. परंतु यावरचा तोडगा तयार होता. स्वित्झर्लंडमधील एडुआर्ट रुबिन यांनी १८८२ च्या सुमारास शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे कवच चढविले होते. थोड्याच वर्षांत बहुतेक सर्व सैन्यांनी कवचधारी गोळी स्वीकारली. पुढे दमदमच्याच कारखान्यात टोकाशी कवच उघडे ठेवलेली गोळी तयार झाली. ती शरीरात शिरताच फुलून भयंकर जखम करी. गाभा पूर्णपणे न झाकणारे कवच असलेल्या अशा गोळ्यांच्या युद्धातील वापराविरुद्ध १८९९ मध्ये हेग येथे जाहीरनामा करण्यात आला.

कवचासाठी प्रारंभी तांबे आणि निकेल यांचा मिश्रधातू पसंत केला गेला. तो चिवट व गंजरोधक होता. तथापि वेग वाढताच त्याचे कण नळीच्या तोंडाजवळ चिकटू लागले आणि त्यांचे खडबडीत गोळे बनू लागले. त्यामुळे नेम बिघडे, आणि घासकाठीने कितीही घासले तरी ते निघत नसत. ते विरघळविण्यासाठी तीव्र अमोनियाचे द्रावण नळीत भरावे लागे. एका टोकाला रबरी बूच मारून, दुसऱ्या टोकाला रबरी नळी जोडून हे काम चाले. द्रावण आत वाळले तर पोलादच खराब होई. म्हणजे रोगाइतकीच उपचाराचीही धास्ती होती.

पहिल्या महायुद्धात फ्रेंच तोफखान्याला असे आढळले की दारूत थोडे कथील घातल्यास नळीत चिकटलेले तांबे ठिसूळ होऊन निघून जाते. हीच कल्पना पुढे नेऊन अमेरिकेत १९२१ च्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेसाठी गोळ्यांवर कथिलाचा मुलामा देण्यात आला. नळ्या स्वच्छ राहिल्या. पण साठवणीत कथील काडतुसाच्या पितळी मानेला डाख दिल्याप्रमाणे जखडले गेले. त्यात काही नेमबाज सवयीने काडतुसाला ग्रीस लावीत. त्यामुळे पितळी मान फाकून गोळी मोकळी होण्यास जागाच उरेना आणि दाब धोकादायक पातळीवर पोहोचू लागला. हा प्रयोग सोडून द्यावा लागला. पुढच्याच वर्षी सुमारे नऊ भाग तांबे व एक भाग जस्त अशा मिश्रधातूचे कवच वापरले गेले, आणि ते गोळे बनण्याचा त्रास जवळजवळ संपला. याच जातीचे मिश्रधातू आजही कवचासाठी प्रचलित आहेत.

मग नळी झिजते ती कशाने? प्रथम सर्व दोष कठीण कवचाला देण्यात आला. पण कवचाचा धातू पोलादापेक्षा मऊच असतो. खरी झीज होते ती कोठ्याच्या पुढे, जेथे जळत्या दारूचे वायू सर्वाधिक तप्त असतात. ब्रिटिशांची निर्धूम दारू कॉर्डाइट विशेष उष्ण जळे. तिने ली-मेटफर्ड रायफलीच्या उथळ, गोलसर खाचा लवकर पुसून टाकल्या. म्हणून १८९५ मध्ये अधिक खोल खाचांची ली-एनफील्ड रायफल आली. नळी गंजण्याचे कारणही वेगळेच निघाले. काडतुसाच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेट जळून मागे मिठासारखा क्षार राहतो आणि तो हवेतील ओल ओढून घेतो, हे १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केले. तेल तो क्षार विरघळवू शकत नाही. साधे पाणी विरघळविते.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील नेमबाजांनी तांब्याच्या कवचावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पूड चढविण्यास सुरुवात केली. या द्रव्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, त्यामुळे घर्षण घटते आणि दोन सफायांमध्ये अधिक बार करता येतात. परंतु घर्षणाबरोबर दाबही घटतो, आणि त्यासोबत वेग. तो भरून काढण्यासाठी दारू वाढविली तर उष्णता वाढते व कोठ्यापुढील झिजेत झालेला लाभ हातचा जातो. शिवाय या पुडीचा थर नळीत साचतो. त्याखाली ओल अडकली तर गंज लपून वाढतो.

तात्पर्य, आवरण बदलून नळीतील मळ कमी करता येतो. उष्णतेने होणारी झीज मात्र आवरणाने थांबत नाही. त्यासाठी दारूची उष्णता, पोलादाची जात, नळीच्या आतील क्रोमियमचा मुलामा आणि दोन बारांमधील विसावा यांचाच विचार करावा लागतो. चरबी लावलेल्या कागदापासून काळ्या पुडीपर्यंतच्या या प्रवासात प्रत्येक उपायाने एक अडचण दूर केली आणि बहुधा दुसरी निर्माण केली.