उद्याने कोण राखते? अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत गेलेले आपल्याकडचे आई-वडील यलोस्टोन नाहीतर ग्रँड कॅन्यन पाहून येतात, तेव्हा निसर्गाइतकेच तिथल्या व्यवस्थेचे कौतुक करतात. स्वच्छतागृहे स्वच्छ, पायवाटा आखलेल्या, हातात नकाशा आणि शंका विचारायला गणवेशातला रेंजर हजर. हे कौतुक रास्त आहे. पण ही व्यवस्था आपोआप चालते, तिच्यामागे श्रीमंत देशाचा न आटणारा पैसा आहे आणि माणसे कमी झाली तरी डोंगरदऱ्या कुठे जात नाहीत, असा समजही त्यातूनच होतो. २०२५ या एकाच वर्षात नोकरकपात, भरतीबंदी आणि निधी मंजूर न झाल्याने ४३ दिवस ठप्प झालेले सरकारी कामकाज, असे तीन धक्के या उद्यानांना बसले. म्हणून हे समज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १ : राष्ट्रीय उद्याने म्हणजे जंगले, त्यांना वनरक्षक पुरेत.

वस्तुस्थिती : ‘राष्ट्रीय उद्यान’ असे नाव असलेल्या जागा ६३ आहेत. मात्र १९१६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे एकूण ४३० हून अधिक जागा आहेत. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, गेटिसबर्गची रणभूमी आणि अटलांटामधले मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मघर हीसुद्धा याच खात्याची जबाबदारी. २०२४ मध्ये या सर्व जागांना मिळून सुमारे ३३ कोटी १९ लाख भेटी दिल्या गेल्या. हा आकडा अमेरिकेच्या लोकसंख्येच्या जवळपास जातो. त्यासाठी असलेले मनुष्यबळ हंगामी कर्मचारी धरूनही साधारण वीस हजारांच्या घरात होते.

या वीस हजारांत माहिती सांगणारे रेंजर असतात, तसेच कायदा राखणारे सशस्त्र रेंजर, बचाव पथके, जीवशास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ, गवंडी, वीजतंत्री आणि पाणी शुद्धीकरण केंद्र चालवणारेही असतात. हॉटेले आणि उपाहारगृहे बहुतेक ठिकाणी कंत्राटदार कंपन्या चालवतात. त्यामुळे तिथे माणसांची वर्दळ दिसली, तरी ती उद्यानाची माणसे नसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कपात झाली तेव्हा योसेमिटी उद्यानातल्या एकुलत्या एका कुलूपतज्ज्ञालाही काढले गेले. शेकडो इमारती, फाटके आणि स्वच्छतागृहे यांच्या किल्ल्या-कुलपांचे काम ज्याला ठाऊक, तो एकच माणूस होता. अशा जागी ‘एक पद कमी’ याचा अर्थ ते काम संपूर्णच थांबणे असा होतो.

गैरसमज २ : काढले ते नवखे होते, आणि उणीव स्वयंसेवक भरून काढतील.

वस्तुस्थिती : त्या फेब्रुवारीत सुमारे एक हजार ‘प्रोबेशन’वरच्या कर्मचाऱ्यांना नोकरी सोडायला सांगण्यात आले. प्रोबेशनवरचा म्हणजे नवशिका असे नव्हे. अनेक वर्षे हंगामी म्हणून राबून नुकताच कायम झालेला किंवा बढती घेऊन नव्या पदावर आलेला अनुभवी माणूसही त्यात मोडतो. पुढे न्यायालयाच्या आदेशांमुळे अनेकांना परत बोलावले गेले. पण तोवर इतरांनी मुदतपूर्व निवृत्ती किंवा राजीनाम्याच्या सरकारी योजना स्वीकारल्या होत्या आणि रिकाम्या जागा भरायला बंदी होती. १९१९ पासून उद्यानांसाठी काम करणाऱ्या नॅशनल पार्क्स कॉन्झर्व्हेशन असोसिएशनने २०२५ च्या उन्हाळ्यात काढलेल्या हिशेबानुसार, जानेवारीपासून कायम कर्मचाऱ्यांत २४ टक्के घट झाली होती.

स्वयंसेवकांची परंपरा तिथे १९७० पासून कायद्याने रुजलेली आहे आणि ती खरोखर मोठी आहे. परंतु स्वयंसेवकाला निवडणारा, शिकवणारा आणि त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणारा कायम कर्मचारी लागतो. तो गेला की स्वयंसेवकही कमी होतात. शिवाय कड्यावर अडकलेल्या माणसाला दोरावरून उतरवणे किंवा सांडपाण्याचे केंद्र चालवणे ही कामे सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या हौशी माणसावर टाकता येत नाहीत.

आणखी एक अडचण घरांची. योसेमिटी किंवा ग्रँड टीटनच्या आसपासच्या गावांत पर्यटकांमुळे भाडी इतकी चढली आहेत की हंगामी पगारात डोक्यावर छप्पर मिळत नाही. निवड झाल्यावर केवळ घर नाही म्हणून नोकरी नाकारणारी माणसे असतात.

गैरसमज ३ : इतके पर्यटक येतात म्हणजे उद्याने तिकिटाच्या पैशांवर सहज चालत असतील.

वस्तुस्थिती : चारातल्या जवळजवळ तीन जागांना प्रवेशशुल्कच नाही. सर्वाधिक गर्दीच्या ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास भेटी होतात. तिथेही प्रवेश फुकट आहे. २०२३ पासून फक्त गाडी उभी करण्याचे शुल्क घेतले जाते. जिथे तिकीट आहे, तिथला किमान ८० टक्के पैसा २००४ च्या कायद्यानुसार त्याच उद्यानात राहतो. तो मुख्यतः पर्यटकांच्या सोयींसाठी आहे, नेहमीच्या पगारांची जागा घेण्यासाठी नाही. खात्याचा कणा म्हणजे काँग्रेस, अर्थात अमेरिकेची संसद, दरवर्षी मंजूर करते तो निधी.

तो निधी किती अपुरा पडत आला, हे थकलेल्या दुरुस्त्यांवरून कळते. रखडलेल्या कामांचा अंदाज सुमारे २३ अब्ज डॉलर आहे, म्हणजे खात्याच्या वर्षभराच्या अंदाजपत्रकाच्या सहा-सात पट. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठाला पाणी पुरवणारी वीस किलोमीटरची नळवाहिनी १९६० च्या दशकात टाकायला घेतली. २०१० पासून ती ८५ हून अधिक वेळा मोठ्या प्रमाणावर फुटली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये, ऐन सुट्टीच्या तोंडावर, पाणी नसल्याने तिथली हॉटेले मुक्कामासाठी बंद ठेवावी लागली. नव्या वाहिनीचे काम आता २०.८ कोटी डॉलर खर्चून चालू आहे. २०२० च्या ‘ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स’ कायद्याने अशा कामांना पाच वर्षे मोठा निधी दिला, त्यामुळे बऱ्याच गोष्टी मार्गी लागल्या. मात्र तो निधी बांधकामांचा होता. बांधलेले सांभाळायला रोज लागणारी माणसे त्यातून मिळत नाहीत.

गैरसमज ४ : फाटक उघडे आहे, म्हणजे उद्यान ठीक चालले आहे.

वस्तुस्थिती : हा सर्वांत घातक गैरसमज. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या ३५ दिवसांत सरकारी कामकाज ठप्प असताना बहुतेक उद्याने उघडी ठेवण्यात आली. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री उद्यानात कचऱ्याचे ढीग साचले, गाड्या वाळवंटाच्या कोवळ्या जमिनीवर घुसल्या आणि जोशुआ वृक्षही तोडले गेले. हा वृक्ष वर्षाला काही सेंटीमीटरच वाढतो. काही दिवसांच्या बेफिकिरीची भरपाई व्हायला काही पिढ्या लागतात. पर्यटकांच्या सोयींसाठी राखून ठेवलेले शुल्क त्या काळात नेहमीच्या साफसफाईसाठी वापरणे बेकायदा होते, असा निर्वाळा काँग्रेसच्या हिशेब तपासणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये दिला. तरीही २०२५ च्या ४३ दिवसांत पुन्हा तेच धोरण राबवले गेले. बरीचशी उद्याने उघडी होती आणि निम्म्याहून अधिक कर्मचारी घरी होते.

माणसे कमी पडली की उद्यानाचा प्रमुख, म्हणजे सुपरिंटेंडंट, आधी फाटक, स्वच्छतागृह आणि बचावकार्य सांभाळतो. संशोधन, नोंदी, संग्रहालयातल्या वस्तूंची निगा आणि शाळांसाठीचे कार्यक्रम मागे पडतात. पर्यटकाला यातले काहीच दिसत नाही, म्हणूनच त्याविषयी ओरडही होत नाही.

गैरसमज ५ : निसर्गाला माणसांची गरज नाही, त्याला त्याच्यावर सोडा.

वस्तुस्थिती : यलोस्टोनमधले लांडगे १९२० च्या दशकात नामशेष झाले, ते सरकारी धोरणानेच मारल्यामुळे. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले, तेव्हा ते पुन्हा नांदू लागले. त्याच उद्यानाच्या तळ्यात १९९४ साली बाहेरून आलेला लेक ट्राउट मासा सापडला. तो तिथला मूळचा कटथ्रोट मासा खातो आणि त्या कटथ्रोटवर अस्वले, गरुड जगतात. तेव्हापासून दरवर्षी जाळी टाकून आजवर चाळीस लाखांहून अधिक लेक ट्राउट काढावे लागले आहेत. दोन-तीन वर्षे जाळी पडली नाहीत, तर त्यांची संख्या पुन्हा वाढू लागेल. महाकाय सिकोया वृक्षांच्या रानात शंभर वर्षे प्रत्येक आग विझवल्याने जळण साठले. हवामान तापत असताना २०२० च्या एका वणव्यात जगातल्या मोठ्या सिकोया वृक्षांपैकी किमान दहावा हिस्सा गेला. माणसाच्या जुन्या चुका निस्तरायला माणसेच लागतात, आणि तीही वर्षानुवर्षे तेच काम करणारी.

गैरसमज ६ : वॉशिंग्टनमध्ये संचालक कोण, याने रानात काय फरक पडतो?

वस्तुस्थिती : १९१६ च्या कायद्याने दोन कामे एकत्र सोपवली : लोकांना आनंद घेऊ द्या आणि पुढच्या पिढ्यांसाठी हा ठेवा अबाधित ठेवा. या दोहोंत रोज ताण असतो. झायन उद्यानात खासगी गाड्या थांबवून बस चालवणे, योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याच्या चढाईला परवाना लावणे, अशा निर्णयांवर हॉटेलवाले, स्थानिक राजकारणी आणि पर्यटक नाराज होऊ शकतात. तेव्हा उद्यानाच्या सुपरिंटेंडंटच्या पाठीशी कोणी तरी उभे राहावे लागते.

१९९६ च्या कायद्यानुसार संचालकाला सिनेटची मान्यता आणि सार्वजनिक जमिनींच्या व्यवस्थापनाचा अनुभव लागतो. तरीही जानेवारी २०१७ ते डिसेंबर २०२१ अशी जवळजवळ पाच वर्षे खाते प्रभारींवर चालले. त्यानंतर आलेले चार्ल्स सॅम्स हे या पदावरचे पहिले मूलनिवासी. ज्यांच्या पूर्वजांना या भूमीवरून हटवून अनेक उद्याने झाली, त्या समाजांना व्यवस्थापनात वाटा देण्याचे काम त्यांच्या काळात पुढे सरकले. जानेवारी २०२५ मध्ये ते पदावरून गेले आणि पद पुन्हा प्रभारींकडे आले. प्रभारी माणूस कितीही कर्तबगार असला, तरी दहा वर्षांपुढचे वचन त्याला देता येत नाही, आणि उद्याने तर शतकांच्या हिशेबाने राखायची असतात.

मग पर्यटकाने काय करावे?

आपल्यापैकी जे जाणार आहेत त्यांनी आधी उद्यानाच्या सूचना वाचाव्यात. जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांना यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन यांच्यासह ११ उद्यानांत माणशी शंभर डॉलर जादा पडतात, हेही ध्यानात ठेवावे. आपला कचरा आपण परत आणावा, आखलेली वाट सोडू नये. तिथे स्थायिक झालेल्या आणि मतदार असलेल्या मराठी कुटुंबांच्या हाती याहून मोठी गोष्ट आहे. कायम पदे भरा आणि त्यांना दरवर्षी निधी द्या, ही मागणी आपल्या काँग्रेस सदस्याकडे लेखी करावी. नळवाहिनी पैसा टाकून बदलता येते. कुठल्या तळ्यात कोणत्या महिन्यात जाळे टाकायचे हे जाणणारा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात. त्याने पुढच्याला शिकवण्याआधीच त्याला घरी पाठवले, तर ते ज्ञान कुठल्याही अंदाजपत्रकातून परत आणता येत नाही.