ढगांआडचे धान आणि बारा मीटरची जाळी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत निघते, तेव्हा विदर्भावरचे आभाळ बहुधा भरलेले असते. भंडारा-गोंदियाकडे धान वाढत असते आणि कॅमेऱ्यावर विसंबलेल्या उपग्रहाला नुसते ढग दिसतात. अमरावती रोडवरचे इस्रोचे प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र असो की १९८८ साली स्थापन झालेले राज्याचे सुदूर संवेदन केंद्र ‘एमआरसॅक’, खरिपात नागपूरकरांना रडारवाचून गत्यंतर नाही. आणि रडारची सारी भिस्त अँटेनावर.

रडार स्वतःच सूक्ष्मलहरी सोडते आणि परतणारे प्रतिध्वनी टिपते. रोवणीच्या वेळी पाण्याने भरलेली बांधी या लहरी आरशासारख्या पलीकडे फेकते, म्हणून चित्रात काळी उमटते. धान वाढले की तीच बांधी उजळते. धानाखालच्या क्षेत्राचा अंदाज या फरकावर बांधतात.

अडचण आहे अंतराची. २४ सेंटिमीटरच्या लहरीने साडेसातशे किलोमीटरवरून दहा मीटरचा तपशील टिपायचा, तर एरवी सुमारे १८ किलोमीटर लांबीचा अँटेना लागेल. सीताबर्डीपासून थेट कामठीच्या पलीकडे! १९५१ साली अमेरिकेत कार्ल वायली यांनी यातून वाट काढली. यान पुढे सरकताना मिळणारे प्रतिध्वनी गणिताने जोडायचे आणि छोट्या अँटेनाकडून मोठ्याचे काम करून घ्यायचे. गंमत म्हणजे या पद्धतीत अँटेना जितका आखूड, तितका तपशील बारीक. ढोबळमानाने लांबीच्या निम्मा. मग हातभर अँटेना का नाही चालत? आखूड अँटेनाला स्पंद भराभर सोडावे लागतात आणि एकाचा प्रतिध्वनी दुसऱ्यात मिसळतो. ते टाळायला रुंदी वाढवावी, तर खाली दिसणारा पट्टा अरुंद होतो. लांबी-रुंदीचा गुणाकार एका मर्यादेखाली नेताच येत नाही. रडार उपग्रहाच्या आराखड्यातली खरी झटापट हीच.

२६ एप्रिल २०१२ रोजी गेलेल्या इस्रोच्या ‘रिसॅट-१’ या रडार उपग्रहावर ६ बाय २ मीटरचा सपाट अँटेना होता. त्याच्या अनेक प्रेषक-ग्राहक घटकांमुळे काहीही न हलवता झोत वळवता येई. ३० जुलै २०२५ रोजी झेपावलेल्या नासा-इस्रोच्या ‘निसार’ने निराळा मार्ग धरला: नऊ मीटरच्या दांड्याच्या टोकाला १२ मीटर व्यासाची, सोन्याचा मुलामा दिलेली जाळी. लहरी सोडताना जाळीसमोरचे सगळे घटक एकदम चालतात, म्हणून झोत रुंद पडतो. ऐकताना मात्र जवळचा प्रतिध्वनी आधी, दूरचा नंतर, त्या क्रमाने घटक पाळी घेतात. त्यामुळे २४० किलोमीटरचा पट्टाही मिळतो आणि बारकावाही. एल-बँडचे रडार नासाचे, एस-बँडचे इस्रोचे. जाळी दोघांत एकच.

मिटलेली जाळी अंतराळात प्रमाणाबाहेर तापेल, अशी शंका आल्याने २०२४ मध्ये ती कॅलिफोर्नियाला परत नेऊन तिला उष्णतारोधक थर दिला. उड्डाण लांबले, माझ्या मते हा उशीर सार्थकी लागला. १५ ऑगस्ट २०२५ रोजी जाळी सुखरूप उघडली.

‘निसार’ दर १२ दिवसांनी त्याच वाटेने परत येतो आणि त्याची माहिती सर्वांना विनामूल्य देण्याचे धोरण आहे. नागपूरच्या अभियांत्रिकी आणि कृषी महाविद्यालयांनी ती उतरवून घ्यावी आणि येत्या खरिपात निदान एका तालुक्याच्या बांध्या नजरअंदाज पैसेवारीशी ताडून पाहाव्यात.