संध्याकाळच्या सभेला फोर्टमध्ये पोहोचताना

दक्षिण मुंबईतील फोर्ट, चर्चगेट आणि नरिमन पॉइंट हा परिसर दिवसा कचेऱ्यांचा असतो. संध्याकाळी सहा वाजले की तेथील माणूस घराकडे निघतो. नेमक्या त्याच वेळी या भागात व्याख्याने, पुस्तक प्रकाशने, संस्थांच्या सर्वसाधारण सभा आणि अनौपचारिक भेटीगाठी सुरू होतात. कधी त्या एशियाटिक सोसायटीच्या दरबार हॉलमध्ये भरतात, कधी मंत्रालयाजवळच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानात, तर कधी एखाद्या कंपनीच्या सहाव्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीत. निमंत्रण पत्रिकेवर वेळ लिहिलेली असते, 'सायंकाळी साडेसहा'. बोरिवली, डोंबिवली किंवा वाशीत राहणाऱ्याने तेथे कसे पोहोचायचे आणि परत कसे यायचे, हा हिशेब मात्र ज्याचा त्याने करायचा असतो.

हा हिशेब अवघड होण्याचे मूळ शहराच्या रचनेत आहे. मुंबईचा जुना व्यापारी गाभा बेटाच्या दक्षिण टोकाला वसला. किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली गेली, तरी 'फोर्ट' हे नाव आणि कचेऱ्यांचे महत्त्व टिकून राहिले. पश्चिम रेल्वे चर्चगेटला संपते, मध्य आणि हार्बर मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. त्यापुढे समुद्र आहे. त्यामुळे सकाळी सारा ओघ दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे, अशी या शहराची भरती-ओहोटी ठरून गेली. गिरगाव-काळबादेवीत मराठी मध्यमवर्गाची दाट वस्ती होती, तेव्हा सभेला पायी जाता येत असे. मुंबई मराठी साहित्य संघासारखी संस्था १९३५ मध्ये गिरगावात उभी राहिली, ती याच वस्तीच्या आधारावर. पुढे श्रोते उपनगरांत गेले. सभागृहे बव्हंशी जागच्या जागी राहिली.

ओघाविरुद्धचा प्रवास

संध्याकाळी उपनगरातून दक्षिणेकडे येणारा प्रवासी या ओघाच्या उलट दिशेने जातो, ही त्याच्या सोयीची गोष्ट. ठाण्याहून टर्मिनस सुमारे ३४ किलोमीटर, तर विरारहून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास या दिशेच्या गाडीत सकाळच्या मानाने बराच मोकळेपणा असतो. मात्र गाडी रिकामीच मिळेल, अशा भरवशावर राहू नये. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची स्थापना १९७५ मध्ये झाली. त्यानंतर फोर्टवरील भार हलका करण्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुल विकसित करण्यात आले. अंधेरी आणि लोअर परळ येथेही कचेऱ्या वाढल्या. परिणामी मधल्या स्थानकांवर आता दोन्ही दिशांना गर्दी चढते-उतरते.

खरी कसोटी शेवटच्या स्थानकावर असते. घराकडे निघालेले प्रवासी बसायला जागा मिळावी म्हणून गाडी पुरती थांबण्याआधीच आत उड्या घेतात. काही जण तर मरीन लाइन्स किंवा मशीदसारख्या अलीकडच्या स्थानकावरच उलट्या दिशेने चढून जागा धरून बसतात. नवख्या माणसाने अशा वेळी दारात उभे राहू नये. आत सरकून थांबावे, चढणाऱ्यांची लाट ओसरू द्यावी आणि मग उतरावे. शेवटचेच स्थानक असल्याने गाडी काही मिनिटे थांबते. घाईचे कारण नसते.

भुयारी मेट्रो तीनने या प्रवासाला नवा पर्याय दिला. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पोहोचली. सुमारे ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर २७ स्थानके आहेत. हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विधान भवन ही स्थानके सभागृहांच्या अगदी जवळ पडतात. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोने येणाऱ्यास मरोळ नाका येथे गाडी बदलता येते. सीप्झ, मरोळ किंवा सांताक्रूझच्या रहिवाशाला यामुळे फोर्ट जवळ आले. डोंबिवली, कल्याण किंवा विरारच्या माणसाला मात्र लोकलखेरीज खरा पर्याय आजही नाही. २०२४ मध्ये खुला झालेला सागरी किनारा मार्ग आणि अटल सेतू यांचा लाभही प्रामुख्याने मोटारवाल्यांनाच झाला. त्यांना पुढे फोर्टमध्ये गाडी उभी करण्याची जागा शोधावी लागते, हा भाग निराळा.

स्थानकापासून दारापर्यंत

चर्चगेट आणि टर्मिनस ही दोन स्थानके एकमेकांपासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत. हुतात्मा चौक साधारण मध्यावर येतो. फोर्टमधील बहुतेक ठिकाणी चालत जाणेच श्रेयस्कर, कारण संध्याकाळी वाहने मुंगीच्या गतीने सरकतात. नरिमन पॉइंटला जायचे असेल तर शेअर टॅक्सीवर फार विसंबू नये. सकाळी या टॅक्सी स्थानकाकडून कचेऱ्यांकडे भरून जातात, तर संध्याकाळी त्यांच्या रांगा कचेऱ्यांच्या बाजूला लागतात. अशा वेळी बेस्टची बस किंवा विधान भवन मेट्रो स्थानक अधिक उपयोगी.

पत्ता शोधणे ही या भागातील वेगळीच विद्या आहे. रस्त्यांना दोन-दोन नावे आहेत आणि दोन्ही प्रचारात आहेत. दादाभाई नौरोजी मार्ग हा पूर्वीचा हॉर्नबी रोड, महर्षी कर्वे मार्ग हा क्वीन्स रोड, तर वीर नरिमन मार्ग हा चर्चगेट स्ट्रीट. हुतात्मा चौकाला अनेक टॅक्सीवाले अजून फाउंटनच म्हणतात. इमारतींचे क्रमांक येथे क्वचितच कामी येतात. समोरची बँक, कोपऱ्यावरचे इराणी हॉटेल किंवा एखादा पुतळा हीच खरी खूण. इमारत सापडली तरी सातनंतर पुढचे दार बंद असू शकते आणि गल्लीतील दाराने जावे लागते. तेथे पहारेकरी नाव लिहून घेतो, ओळखपत्र मागतो आणि सभा कोणत्या मजल्यावर आहे हे त्याला अनेकदा सांगितलेलेच नसते. ज्येष्ठांसाठी आणखी एक प्रश्न असतो तो पायऱ्यांचा. एशियाटिकच्या दर्शनी पायऱ्या छायाचित्रात देखण्या दिसतात. गुडघे दुखणाऱ्याला त्या तितक्या देखण्या वाटत नाहीत.

परतीचा हिशेब

सभेला कोण येणार, हे मात्र जाण्याच्या प्रवासापेक्षा परतीच्या प्रवासावरून ठरते. सभा साडेसहाला सुरू होऊन साडेआठला संपली, चहापाणी आटोपून श्रोता पावणेनऊला बाहेर पडला, तर टर्मिनसपर्यंतचे चालणे, जलद गाडीचा तासाहून थोडा अधिक प्रवास आणि शेवटची रिक्षा धरून तो साडेदहाच्या आसपास डोंबिवलीच्या घरी पोहोचतो. तीच सभा प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत अर्धा तास उशिरा सुरू झाली आणि आभार प्रदर्शन लांबले, तर दहा वाजता जलद गाडी शोधावी लागते. रात्र वाढते तशा गाड्या विरळ होतात, घरी पोहोचायला बारा वाजतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटेची गाडी असतेच. व्यासपीठावरच्या अर्ध्या तासाची किंमत श्रोत्याला अशी मोजावी लागते.

स्त्रियांच्या बाबतीत हा हिशेब अधिक कडक होतो. लोकलमधील महिलांचे काही डबे अहोरात्र राखीव असतात, तर काही ठरावीक वेळेपुरतेच. कोणता डबा कोणता, हे डब्यावरील सूचना वाचून ठरवावे लागते. रात्री तुरळक भरलेल्या डब्यातून एकटीने जाण्यापेक्षा सभेतून लवकर उठणे अनेकींना सोयीचे वाटते. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगा रिकाम्या दिसतात, त्याचे कारण विषयाचा कंटाळा हेच असते असे नाही.

पावसाळ्यात याहून अधिक सावधगिरी हवी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो माणसे कचेऱ्यांत, गाड्यांत व रस्त्यांवर अडकली. इतका पाऊस नेहमी पडत नाही. परंतु शीव-कुर्ला पट्ट्यात पाणी साचून मध्य रेल्वे कोलमडण्यास त्याहून पुष्कळ कमी पाऊस पुरतो. अशा दिवशी सभा रद्द करण्याचा निर्णय दुपारीच कळवला गेला, तर त्याचा उपयोग.

श्रोत्याने करावयाची तयारी थोडकी आहे: शक्य तर पाचच्या आधीची गाडी धरावी, परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा टिपून ठेवाव्यात, रविवार असल्यास मेगा ब्लॉकची घोषणा पाहावी. आयोजकांची जबाबदारी याहून मोठी आहे. निमंत्रणावर सभा सुरू होण्याच्या वेळेबरोबर ती संपण्याचीही वेळ छापावी आणि दोन्ही पाळाव्यात. जवळचे स्थानक, इमारतीची खूण, उघडे असणारे दार, मजला आणि लिफ्टची सोय यांचा उल्लेख करावा. पहारेकऱ्याच्या हाती एक कागद द्यावा. यासाठी पाच ओळी पुरतात, खर्च काहीच नाही. त्या पाच ओळी नसल्या तर सभा नावाला सर्वांसाठी खुली राहते. प्रत्यक्षात ती जवळ राहणाऱ्यांची आणि मोटार बाळगणाऱ्यांची होऊन बसते.