चालण्याचा हिशेब

शिक्षकाचे काम बैठे असते का? फळ्यासमोर रोज चार-पाच तास उभे राहणाऱ्यांना हा प्रश्न विचारला, तर उत्तर काय येईल ते आपल्याला माहीत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मात्र शिक्षकांना बैठे काम करणाऱ्यांच्या यादीत बसवले आहे. यात रागावण्यासारखे काही नाही. येथे ‘बैठे’ म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून राहणे नव्हे. घर आवरणे, वर्गात फिरणे, शाळेपर्यंत चालत जाणे ही रोजची किरकोळ हालचाल त्यात धरलेलीच असते. उष्मांक मोजून वजन उतरवू पाहणाऱ्यांचा हिशेब बरेचदा येथेच घसरतो.

या संस्थेच्या 2020 च्या तक्त्यात 55 किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीची रोजची गरज 1660 किलोकॅलरी दिली आहे. (आहाराच्या गप्पांत आपण नुसते ‘कॅलरी’ म्हणतो, पण ती असते किलोकॅलरी, भौतिकशास्त्रातल्या कॅलरीच्या हजारपट. विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो.) हा आकडा येतो कसा? काहीही न करता स्वस्थ पडून राहिले तरी हृदय, फुप्फुसे, मेंदू, यकृत यांचे काम चालूच असते. त्यासाठी या स्त्रीला दिवसाला सुमारे 1185 किलोकॅलरी, म्हणजे ताशी जवळजवळ 50 लागतात. बैठ्या कामासाठी या संख्येला 1.4 ने गुणतात. मध्यम श्रमांसाठी 1.8 ने. बैठ्या कामात विश्रांतीच्या वर जे 475 येतात, त्यांत अन्न पचवण्याचा खर्च आला, उभे राहणे आले आणि रोजचे चालणेही आले.

आता समजा, अशा एका बाईंनी रोज 200 ची तूट ठेवायचे ठरवले. संध्याकाळी फोनने सांगितले: 4500 पावले, 110 कॅलरी. बाईंनी 1660 मध्ये 110 मिळवले, 200 वजा केले आणि 1570 चा आहार घेतला. पण ती पावले 1660 मध्ये आधीच जमा होती! खरी तूट पडली फक्त 90 ची. एक किलो चरबीसाठी 7700 किलोकॅलरी हे ढोबळ माप धरले, तर महिन्याला पाऊण किलोऐवजी एक-तृतीयांश किलो वजन उतरेल. शरीरातले पाणी दिवसागणिक याहून जास्त कमीजास्त होते, त्यामुळे काट्यावर काहीच दिसणार नाही. मग बाई स्वतःच्या निग्रहाला दोष देणार, एक वेळचे जेवण सोडणार, नाही तर सगळेच सोडून देणार. दोष निग्रहाचा नाही, बेरजेचा आहे.

दुसरी गफलत याहून लपलेली. ताशी 5 किलोमीटर वेगाने तासभर चालल्यास या बाईंचे सुमारे 180 किलोकॅलरी खर्च होतात. पण त्या तासात त्या नुसत्या बसल्या असत्या, तरी 50-55 गेलेच असते. चालण्याच्या खात्यावर मांडायचे ते उरलेले 125. म्हणजे किलोमीटरला अवघे 25. एक चहाचा चमचा तेलात सुमारे 45 असतात, यावरून काय ते समजावे. काही यंत्रे एकूण खर्च दाखवतात, काही फक्त वरचा. आपले यंत्र कोणता दाखवते ते आधी पाहून घ्यावे.

उपाय सोपा आहे. नवे काही सुरू करण्यापूर्वी आठवडाभर, नेहमीसारखे वागून, रोजची पावले लिहून ठेवावीत आणि सरासरी काढावी. ती आपली शून्यरेषा. पुढे तिच्या वरची पावले तेवढी मोजायची. सरासरी 4500 असून आज 7500 झाली, तर जमेस धरायची 3000. म्हणजे सुमारे दोन किलोमीटर, 50 किलोकॅलरी. (दहा हजारांचा आकडा कोठून आला? 1965 मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले. त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचे होते.)

वरचे 7700 चे मापही फार ताणू नये. वजन उतरते तसा हलक्या शरीराचा खर्चही कमी होतो, त्यामुळे वर्षभराचे सरळ त्रैराशिक मांडले तर अपेक्षा फुगते. शिवाय जास्त चालणाऱ्याचे शरीर इतरत्र काटकसर करत असावे, अशीही शंका आहे. टांझानियातल्या हाडझा या शिकारी-संग्राहक लोकांची 2012 मध्ये प्रसिद्ध झालेली मोजणी तसे सुचवते. शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर, भरपूर चालणाऱ्या या लोकांचा दिवसाचा एकूण खर्च पाश्चात्त्य शहरवासीयांएवढाच निघाला. हृदयाला, रक्तातल्या साखरेला आणि झोपेला चालण्याचा जो फायदा होतो, तो मात्र या हिशेबाबाहेरचा आहे.

नववी-दहावीच्या वर्गाला यातून चांगला प्रयोग देता येईल. मैदानावर 100 मीटर आखून प्रत्येकाने आपली पावले मोजावीत, एका पावलाची लांबी काढावी आणि फोनने सांगितलेल्या अंतराशी ती ताडून पाहावी. वजने मात्र वर्गात मोजू नयेत. उष्मांकांची गणिते 55 किलोच्या काल्पनिक व्यक्तीवरच करावीत. वाढत्या वयातल्या मुलामुलींनी तूट ठेवायची नसते.