कामठ्यावरच्या चार पिढ्या

तिफणीच्या चाड्याला तळाशी तीन भोकं असतात. पेरणारी बाई मुठीतून बी सोडते, ते या भोकांतून तीन नळ्यांत उतरतं आणि तीन फणांमागं मातीत पडतं. एखादं भोक एका सुतानं जरी कमीजास्त झालं, तरी एका तासात बी दाट पडतं आणि शेजारच्या तासात विरळ. पीक वर आलं की हे साऱ्या शिवाराला दिसतं आणि काढणीपर्यंत दिसत राहतं. सुताराची चूक कशी चार महिने उभी असते, ते आबांनी मला चाडं हातात देऊन समजावलं. ते चाडं त्यांच्या वडिलांनी कोरलेलं. आत बोट फिरवलं तर तिन्ही भोकांच्या कडा अजून सारख्या लागतात.

आबांनी सत्तरी ओलांडली आहे. चिखली-मेहकर भागातल्या एका बाजारगावात त्यांचा सुतारकामाचा कामठा आहे. पुढं पत्र्याचं शेड, मागं घर आणि मधल्या जागेत लाकडं. या कामठ्यावर चौथी पिढी काम करते आहे. पहिल्या तीन पिढ्या शेतकऱ्याची औतं भरत होत्या, चौथी स्वयंपाकघरातली कपाटं करते.

घराण्याची गोष्ट आबा पणजोबांपासून सांगत नाहीत, रस्त्यापासून सांगतात. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. घाटावरचा कापूस गाड्यांत भरून घाट उतरायचा आणि खामगावच्या बाजाराला जायचा. १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वेचा फाटा झाला, तरी घाटावरून खामगावपर्यंतचा प्रवास बैलगाडीचाच राहिला. उतारावर भरल्या गाडीची चाकं खिळखिळी होतात, आरे निसटतात, पुठ्ठे उकलतात. अशा रस्त्यावरच्या गावाला सुतार लागणारच. आबांच्या घरात सांगतात ते असं, की त्यांचा मूळपुरुष जाफ्राबादकडून, म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या मुलखातून, चाकाच्या कामासाठी इकडं आला आणि इथलाच झाला. याला कागद नाही. पण त्या काळात या रस्त्यावर काय चालत होतं ते पाहिलं, तर मला ही गोष्ट खरी वाटते.

त्र्यंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ मध्ये आलं. गावच्या कारूंची, म्हणजे बलुतेदारांची, रचना ज्यांना समजून घ्यायची असेल त्यांनी ते वाचावं. सुतार बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत बसतो, कारण त्याच्याशिवाय नांगर चालत नाही. आबांच्या आजोबांचं बलुतं बैलजोडीमागं ठरलेलं होतं. ज्याच्या दावणीला जेवढ्या जोड्या, त्याच्याकडून तेवढी ज्वारी. खळं झालं की घ्यायची. त्या बदल्यात वर्षभर वखर, डवरा, तिफण, जू, नांगराचं रुमणं, जे मोडेल ते दुरुस्त करायचं. नवीन वस्तूला लाकूड शेतकऱ्याचं आणि मजुरी वेगळी. दुरुस्तीला मात्र एक पैसा नाही.

या हिशेबाची एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. वखराची दांडी मोडली तर सुताराला फुकट काम पडायचं. म्हणून दांडी मोडू नये, यात शेतकऱ्याइतकाच सुताराचाही स्वार्थ होता. बाभूळ अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायची, पैनगंगेच्या डोहात किंवा ओढ्याच्या चिखलात पावसाळाभर बुडवून ठेवायची, मग सावलीत वाळवायची, तेव्हा कुठं ती भुंग्यापासून वाचते. हा सगळा खटाटोप पुढची दहा वर्षं दुरुस्ती येऊ नये म्हणून. आज दुरुस्तीवरच दुकान चालतं आणि वस्तू लवकर मोडली तर कुणाचंच नुकसान होत नाही, ज्याची वस्तू आहे त्याच्याशिवाय.

म्हणून बलुतं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. आबाही म्हणत नाहीत. खळ्यावर पोतं घेऊन जायचं त्यांच्या आईच्या वाट्याला होतं. रास मोठी असली तरी पाटील उरलेल्या कोंड्याजवळची ज्वारी दाखवायचा, आणि तिथं बोलायची सोय नसायची. दुसरा धंदा करायचा तर गाव विचारायचं, आमची औतं कोण भरील? जातीनं ठरलेलं काम सोडायला परवानगी लागावी, हा त्या रचनेतला खरा अन्याय. १९७२ च्या दुष्काळात खळीच झाली नाहीत. शेतकऱ्याकडं दाणा नाही म्हणजे सुताराकडंही नाही. आबांचे वडील वाकस घरी ठेवून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. परत आल्यावर त्यांनी रोख पैसे घ्यायला सुरुवात केली आणि पुढं या घरात बलुतं कधी आलं नाही.

आबांना औत भरताना पाहायचं असेल तर मृगाच्या आधी यावं लागतं. आता वर्षाला दोन-चार तिफणीच येतात, पण हात तसेच चालतात. दिंडाला फणांच्या बैठकी पाडताना ते आधी लाकडाचे रेषे कुठं धावतात ते पाहतात. गुण्या लावतात, खतावणीनं रेघ मारतात, मग किंकऱ्यानं भोक पाडायला घेतात. भोक समोरून अर्धं आणि मागून अर्धं. एकाच बाजूनं पाडलं तर शेवटी पलीकडची कड फुटते. फण ठोकून बसवल्यावर त्यात पाचर. ही पाचर तिफणीचा सगळा स्वभाव ठरवते. थोडी आत मारली की फण खाली झुकतो आणि बी खोल जातं, सैल केली की तिफण उठते. काळ्या भारी जमिनीला एक ठेवण आणि मुरमाड उताराला दुसरी. म्हणून आबा आधी विचारतात, वावर कोणतं? गट नंबर त्यांना लागत नाही, ‘नाल्याकडचं’ किंवा ‘टेकडीखालचं’ एवढं पुरतं. जवळपासच्या सगळ्या जमिनी त्यांनी पाचरांच्या मापानं लक्षात ठेवल्या आहेत.

जुवाचंही तसंच. जोडीतला एक बैल नेहमी जरा कमी ताकदीचा असतो. दांडी बांधायची मधली खाच थोडी ताकदवान बैलाकडं सरकवली की दुसऱ्याच्या बाजूला जू लांब राहतं आणि त्याला ओढ हलकी जाते. तरफेचं हे गणित आबा कुठल्या शाळेत शिकलेले नाहीत. “बैल पाह्यल्याबिगर जू कोरू नये,” एवढं त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. शेतकरी आला की त्याला ते जोडी घेऊन यायला लावायचे, किंवा स्वतः गोठ्यावर जायचे. लोखंडी जू बाजारात तयार मिळतं. ते सगळ्या बैलांना सारखंच.

पण औतं कमी झाली ती केवळ लोखंडामुळं नाहीत. कापूस-ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, ट्रॅक्टर आला, पेरणीयंत्र आलं, वेळ कमी आणि मजूर महाग. एकरभर शेतासाठी वर्षभर जोडी सांभाळणं परवडेना. गाडीला रबरी टायर लागल्यावर चाकाचं कामही गेलं. आबांनी मग घराच्या चौकटी धरल्या. धाब्याची घरं पाडून स्लॅबची घरं होत होती, दारं-खिडक्या लागत होत्या. पाडलेल्या घरांचं सागवान स्वस्तात मिळायचं. जुन्या तुळया उकलताना त्यांना कुसाच्या सांध्यात खिळा सापडायचा नाही, बांबूची खुंटी सापडायची, आणि तुळईच्या टोकाला किंकऱ्यानं मारलेल्या खुणा, कुठली तुळई कुठल्या खांबावर बसते ते कळावं म्हणून. त्यातल्या काही खुणा त्यांच्या आजोबांच्या हातच्या. त्या खुणांचे तुकडे आबांनी चौकटींत वापरले नाहीत, तेवढे शेडच्या कोपऱ्यात ठेवलेत. नवीन साग तोडायचा तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणं परवानगी लागते. बाभळीला ती अट नाही, म्हणून गरिबाच्या घराला आणि औताला बाभूळच.

थोरला मुलगा पुण्याला फर्निचरच्या कारखान्यात काही वर्षं होता. परत येऊन त्यानं प्लायवूड, सनमायका, बिजागऱ्या यांचं काम सुरू केलं. प्लायचा पत्रा बहुतेक आठ बाय चारचा येतो, त्यातून कमी तुकडे वाया जातील अशी कपाटं काढायची. आबांना हे काम हलकं वाटत नाही. ते मुलाच्या कडेची सफाई बोटानं तपासतात आणि मान हलवतात. त्यांची तक्रार एकच आहे. प्लायला रेषे सगळीकडून सारखे, त्यामुळं लाकूड ओळखण्याची सवय मोडते.

या घरातली एक गोष्ट कुठल्याही नोंदीत येत नाही, म्हणून इथं लिहितो. पाळण्याच्या दांड्या, लाटणी कातायला चरक होता, आणि चरकाची दोरी आबांची आई ओढायची. दोन माणसांच्या करवतीचं दुसरं टोक तिच्याच हातात. पुढं आबांच्या पत्नीनं तेच केलं, आणि दाराच्या पॉलिशचा हात आजही त्यांचाच चांगला आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारकाम पहिल्याच धंद्यांत आहे. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये, प्रशिक्षणाच्या दिवसाला पाचशे, पहिलं कर्ज एक लाखापर्यंत पाच टक्क्यांनी. योजना चांगली आहे, मुलानं अर्जही केला. पण एका कुटुंबातून एकालाच लाभ, आणि अर्जावर नाव कुणाचं घालायचं हा प्रश्न या घरात निघालाच नाही. मला वाटतं निघायला हवा होता. करवतीला टोकं दोन असतात.

चाकाचं काम संपलं असं आबा समजून बसले होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा शंकरपटाच्या, म्हणजे या शर्यतींच्या, हलक्या गाड्यांची उरलीसुरली कामंही थांबली. १६ डिसेंबर २०२१ ला राज्याला सशर्त परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला राज्याचा कायदा न्यायालयानं वैध ठरवला, आणि शंकरपटाच्या गाडीची चाकं मागायला तरुण पोरं येऊ लागली. शर्यतींबद्दल माझं मन साफ नाही, बैलाला मारहाण होते तिथं ती थांबवलीच पाहिजे. पण चाक करणारा जिल्ह्यात शोधावा लागतो, हेही खरं.

बारा आरे, सहा पुठ्ठे, प्रत्येक पुठ्ठ्यात दोन आरे. तुंब्यात आरे ठोकताना आबा एकामागून एक ठोकत नाहीत, समोरासमोरचे घेतात, म्हणजे तुंबा फाटत नाही. सगळं जुळलं की लोहाराकडून धाव चढवायची. लोखंडी पट्टीचा हा कडा चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम बोटभर लहान करतात. गोवऱ्यांच्या गोल आळ्यात तो लाल होईपर्यंत तापवायचा, तापला की वाढतो. दोघांतिघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायचा, घणानं चारी बाजूंनी खाली घालायचा, लाकूड पेट घेतं तेवढ्यात पाणी मारायचं. लोखंड आखडतं आणि सगळे सांधे एकदम आवळतात, आतून कडकड ऐकू येते. धाव फार लहान झाली तर आरे वाकतात, मोठी झाली तर उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर गळून पडते. पूर्वी उन्हाळ्यात गाडी नदीत उभी करून ठेवायचे ते यासाठीच.

मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा लोहार बोलावलेला होता, आणि चाकाचा घेर दोरीनं मोजायचं काम मुलगा करत होता. दोरीला गाठ मारून त्यानं विचारलं, “आबा, धावेले किती कमी धरू?” आबांनी चाकावरून तळवा फिरवला, लाकडाचा ओलावा अजमावला, आणि दोरीवर दुसरी गाठ दाखवली. शर्यतीची गाडी हलकी लागते म्हणून पट्टी पातळ घेतली होती, आणि पातळ पट्टी लवकर ताणते, तेव्हा आणखी थोडं कमी धरायला लागलं. मुलानं ते माप प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीनं लिहून घेतलं, खाली लाकडाचं नाव, पट्टीची जाडी आणि महिना लिहिला.