हलत्या चित्रांना रंगांचा साज : कार्ड कोणतें घ्यावें?

गेल्या वर्षीं आमच्या घरीं वडिलांचें सहस्रचंद्रदर्शन झालें. समारंभाचा व्हिडिओ सर्वांनीं हौसेनें पाहिला, आणि मग माझ्या पुतण्यानें एक कल्पना काढली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें हल्लीं कोणत्याहि व्हिडिओला जलरंगी किंवा तैलरंगी चित्राचें रूप देतां येतें; तेव्हां आजोबांचें औक्षण जलरंगांतील हलत्या चित्राप्रमाणें करून त्यांच्या पुढच्या वाढदिवशीं त्यांना दाखवावें, असें त्याचें म्हणणें. कल्पना सर्वांना आवडली. संगणक मात्र रात्रभर चालावा आणि सकाळीं पाहावें तों कांहीं सेकंदांचेंच काम झालेलें असावें, असा प्रकार होऊं लागला. 'चांगलें ग्राफिक्स कार्ड हवें,' असें मुलगा म्हणाला. आम्हां वडील मंडळींनीं थोडी कुरकुर केली, पैसे काढले, आणि दुकानदारानें 'सर्वांत नवें' म्हणून पुढें केलेलें कार्ड घरीं आणलें. पुतण्याच्या एका मित्राकडे एक पिढी जुनें कार्ड होतें. त्यावर तेंच काम आमच्या नव्या कार्डापेक्षां पुष्कळ लवकर झालें! घरांत बोलाचाली झाली, आणि 'पोराला कांहीं कळत नाहीं' असें मींच रागाच्या भरांत बोलून गेलों. पुढें या गोष्टीचा शोध घेतां चूक कोणाची होती तें उमगलें. तोच शोध वाचकांपुढें मांडीत आहें. कारण अशी मागणी आज पुष्कळ घरांतून होत असेल.

प्रथम काम केवढें आहे तें पाहूं. व्हिडिओ म्हणजे स्थिर चित्रांची माळ. सेकंदाला २५ चित्रें धरलीं तर एका मिनिटाचीं १५०० चित्रें होतात. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'लव्हिंग व्हिन्सेंट' या चित्रपटासाठीं सुमारें १२५ चित्रकारांनीं सुमारें ६५,००० चित्रें तैलरंगांत हातानें रंगविलीं होतीं, एवढें सांगितलें म्हणजे यंत्राला आपण कसल्या कामाला जुंपतों याची कल्पना येईल. प्रत्येक चित्राला एक सेकंद लागला तर मिनिटभराच्या व्हिडिओला २५ मिनिटें लागतील. चार सेकंद लागले तर एक तास ४० मिनिटें. कार्डाच्या वेगाचा प्रश्न उत्पन्न होतो तो येथें.

परंतु कार्डाच्याहि आधीं पद्धतीचा विचार केला पाहिजे. २०१५ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगन येथें गॅटिस, एकर व बेटगे या संशोधकांनीं एका छायाचित्रांतील आकृति व दुसऱ्या चित्रांतील रंगांची ढब यांचा संगणकाकरवीं मेळ घालून दाखविला. व्हॅन गॉगच्या १८८९ च्या 'तारांकित रात्र' या चित्राची धाटणी त्यांनीं गांवच्या नदीकांठच्या घरांना दिली, तें चित्र पुढें फार गाजलें. त्यांच्या पद्धतींत एकच चित्र शेंकडों वेळां थोडें थोडें सुधारावें लागे. दुसऱ्याच वर्षीं स्टॅनफर्ड येथील जॉन्सन व त्याच्या सहकाऱ्यांनीं निराळी युक्ति काढली. एका धाटणीसाठीं जाळें अगोदरच शिकवून ठेवावयाचें, मग प्रत्येक चित्र त्यांतून एकदांच काढावयाचें. ५१२ पिक्सेल बाजूच्या चित्राला पहिल्या पद्धतीनें ५०० फेऱ्यांना सुमारें ५५ सेकंद लागत, तेथें या युक्तीनें सेकंदाचा विसावा हिस्सा पुरूं लागला. कार्ड तेंच, टायटन एक्स! आपल्या १५०० चित्रांचा हिशेब केला तर एकीकडे सुमारें २३ तास, दुसरीकडे ७५ सेकंद. एवढा फरक केवळ कार्ड बदलून पडणें कठीण.

अर्थात् स्वस्त तें सर्वगुणसंपन्न नसतें. अशा जाळ्याला शिकविलेली एकच धाटणी येते. २०२२ सालीं आलेल्या स्टेबल डिफ्यूजनसारख्या मॉडेलना शब्दांनीं सांगितलेली कोणतीहि धाटणी साधते, पण एकेक चित्र घडवितांना बहुधा वीस-तीस पायऱ्या चढाव्या लागतात. शिवाय प्रत्येक चित्र सुटें रंगविलें तर रंग थरथरतात. तें टाळण्यासाठीं पुष्कळ चित्रें एकत्र विचारांत घेणारीं मॉडेल वापरावीं लागतात. तीं कार्डाच्या मेमरीची भूक फार वाढवितात.

आणि आमची चूक झाली ती नेमकी या मेमरीच्या बाबतींत. ती समजण्यासाठीं पंगतीचें उदाहरण घेऊं. कार्डांतील हजारों गणनाघटक हे वाढपी. शेजारच्या कोठींत पदार्थ ठेवलेले आहेत, ती कार्डाची मेमरी. कोठीचें दार जितकें रुंद तितकी ये-जा जलद. तो मेमरीचा वेग. आतां वाढपी कितीहि चपळ असले तरी कोठी लहान आणि पातेलीं जास्त, म्हणून निम्मा स्वयंपाक शेजाऱ्यांच्या वाड्यांत ठेवावा लागला, तर? प्रत्येक वाढीला अंगण ओलांडून जावें लागेल, आणि पंगत ताटकळत बसेल. मॉडेल व चालू काम कार्डाच्या मेमरींत मावलें नाहीं म्हणजे एक तर काम बंद पडतें, नाहीं तर संगणकाच्या मुख्य मेमरीचा आश्रय घ्यावा लागून वेग एकदम कोसळतो.

प्रत्यक्ष आंकडे पाहूं. एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या २०२१ च्या कार्डाच्या मूळ आवृत्तींत १२ जीबी मेमरी असून तिचा वेग सेकंदाला ३६० जीबी आहे. २०२३ च्या आरटीएक्स ४०६० मध्यें ८ जीबी असून वेग २७२ जीबी आहे. नव्या कार्डाची चिप अधिक जलद चालते आणि वीजहि कमी खाते : १७० वॅटच्या जागीं ११५. म्हणून आठ जीबींत मावणाऱ्या पुष्कळशा कामांत नवें कार्ड सरस ठरतें. काम दहा जीबींचें असेल तर मात्र त्याला अंगण ओलांडावें लागतें. आणि तो रस्ता एका दिशेनें सेकंदाला सुमारें १६ जीबींचाच आहे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मेमरीच्या सतरा हिश्शांपैकीं एक. अशा वेळीं जुनें कार्ड पुढें जातें. आमच्या घरीं घडलें तें याच जातीचें.

नांवांच्या बाबतींतहि सावध असावें. आरटीएक्स ४०९० हें मेजावरच्या संगणकाचें कार्ड २४ जीबींचें. त्याच नांवाचें लॅपटॉपमधलें १६ जीबींचें, आणि त्यांतील चिपहि निराळी. शिवाय मोठें कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज घेतें, म्हणजे ७५ वॅटच्या सहा पंख्यांइतकी! ती पुरविणारा पॉवर सप्लाय व उष्णता बाहेर जाण्याची सोय नसेल तर वेगावर पाणीच पडावयाचें. या क्षेत्रांतील पुष्कळशीं सॉफ्टवेअर एन्व्हिडियाच्या 'कुडा' या प्रणालीसाठीं लिहिलेलीं असतात. दुसऱ्या कंपनीचें कार्ड घेण्यापूर्वीं आपलें सॉफ्टवेअर त्यावर चालतें कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी.

तेव्हां थैली सोडण्यापूर्वीं विचारावयाचें तें असें. जें सॉफ्टवेअर वापरणार त्याला मेमरी किती लागते? व्हिडिओ केवढ्या आकाराचा हवा? फोर-के चित्रांत साध्या फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, आणि घरच्या समारंभासाठीं ते बहुधा लागत नाहींत. मॉडेल १६ बिटांच्या अंकांत चालतें काय? शंभर कोटी अंकांचें मॉडेल ३२ बिटांत चार जीबी जागा अडवितें, १६ बिटांत दोनच. आणि काम वर्षांतून एकदांच असेल तर कार्ड तासांच्या भाड्यानें मिळतें, तें कां घेऊं नये? शक्य असल्यास आपल्याच व्हिडिओचा दहा सेकंदांचा तुकडा नेऊन त्या कार्डावर चालवून पाहावा. आपण तांदूळ घेतांनासुद्धां चार दाणे दांताखालीं धरून पाहतों!

आमच्या पुतण्यानें पुढें तेंच केलें. आकार कमी केला, अंक सोळा बिटांचे घेतले आणि व्हिडिओचे लहान तुकडे पाडले. सर्व काम आठ जीबींत मावलें, आणि ज्या कार्डाला आम्हीं नांवें ठेवीत होतों त्यानेंच तें दोन रात्रींत पुरें केलें. वाढदिवशीं वडिलांनीं तें औक्षण दोनदां पाहिलें.

मुलानें कार्ड मागितलें होतें. किती मेमरीचें, हें त्याला विचारावयाचें काम आमचें होतें. 'पोराला कांहीं कळत नाहीं' हे शब्द मीं त्याच दिवशीं, सर्वांच्या देखत, परत घेतले.